घरात, सोसायटीत, भावकीत वेगळा पक्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की हे प्रश्न वाढतात, पण थांबत कधीच नाहीत. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, लग्नाच्या पंगतीत कुणाचं तरी कुणाशी वाजतं आणि मग विचारणा येते. विचारणारे पक्षांची नावं ठासून लिहितात. ती इथे काढून टाकली आहेत. नावं काढली की दोन्हीकडच्या तक्रारी इतक्या सारख्या दिसतात की कोण कुणाविरुद्ध लिहितंय ते ओळखू येत नाही. कायद्याची माहिती महाराष्ट्रापुरती आणि मोघम आहे. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं असेल तर वकील गाठा.

१. घरात राजकारणावर बोलायचंच नाही, असा नियम केला तर?

करून बघा, आठवडाभरात मोडेल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावकडच्या घराघरांत लाल कांदा काढणीला आलेला होता. त्या घरात ‘जेवताना राजकारण नको’ म्हणणार कसं? एसटीचा संप झाला तेव्हा कंडक्टरच्या घरात तेच. आरक्षण, पाणी, मुलाच्या परीक्षेचा लांबलेला निकाल, हे सगळं राजकारणच आहे आणि ते ताटापर्यंत येणारच.

त्यापेक्षा जमेल असा नियम म्हणजे विषय ठेवा, पक्ष बाजूला ठेवा. ‘निर्यात बंद करायला नको होती’ यावर सासरे आणि जावई तासभर बोलू शकतात, कदाचित एकमतही होईल. ‘तुमच्या लोकांनी आमचं वाटोळं केलं’ असं म्हटलं की जावई त्या लोकांचा वकील होतो, मनात नसलं तरी. बहुतेक भांडणं ‘तुमचे लोक’ या दोन शब्दांपासून सुरू होतात.

आणि जेवताना टीव्हीवरच्या चर्चा बंद. तिथे सहा माणसं एका वेळी ओरडत असतात. घरातल्या सातव्याला ओरडावंसं वाटलं तर त्याचा दोष नाही.

२. कुणाला मत दिलं हे नवऱ्याला किंवा सासऱ्यांना सांगायलाच हवं का?

नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ नुसार कुणालाही आपण कुणाला मत दिलं ते सांगायला भाग पाडता येत नाही. मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांवर आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींवरही गुप्तता राखण्याचं बंधन आहे (कलम १२८). लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी साधारण सात सेकंद दिसते आणि आत पडते. ती घरी मिळत नाही. मोबाईल आत न्यायचा नसतो, त्यामुळे ‘फोटो दाखव’ ही मागणीही टिकत नाही.

हा प्रश्न जवळजवळ नेहमी बायकांकडून येतो. पुरुषांना हे कुणी विचारत नाही, असं दिसतं. ‘बाबा, मतदान गुप्त असतं’ एवढं हसून म्हणणं पुरतं; दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य न हसता म्हणावं. काही जणी सरळ ‘तुम्ही सांगितलं त्यालाच’ म्हणतात आणि मोकळ्या होतात. त्यात पाप आहे का, असंही विचारलं जातं. माझ्या मते नाही. ज्याला विचारायचा हक्क नाही त्याला खरं उत्तर मिळायचाही हक्क नाही.

३. आजीला दिसत नाही, मी तिच्याबरोबर आत जातो. तिचा पक्ष मला पटत नाही. मग?

मग तिचं बटण दाबायचं, तुमचं नाही. अंध किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराबरोबर १८ वर्षांवरचा सोबती जाऊ शकतो. मतदाराच्या वतीने दिलेलं मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही, असं त्याला लिहून द्यावं लागतं. म्हणजे बाहेर आल्यावर ‘आजीने यंदा कुणाला दिलं’ ही बातमी घरात सांगणंही बसत नाही. मन धजत नसेल तर तिच्याच मताच्या काकांना पाठवा.

४. बोलणं सुरू केलं की दहा मिनिटांत आवाज चढतो. कसं बोलावं?

बहुतेक जण समोरच्याचं मत बदलायला बसतात. कुणाचंही मत एका बैठकीत बदलत नाही. तुमचंही बदललेलं नाही. समोरच्याला हे का वाटतं ते समजून घ्यायला बसलात तर बैठक निदान पूर्ण होते.

एक उदाहरण. पुतण्या म्हणतो, ‘काकूने पंधराशे रुपयांत मत विकलं.’ लाडकी बहीण योजना २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर आली, महिन्याला १,५०० रुपये, हे खरं. सरकारच्या तिजोरीवर त्याचा ताण पडतो, ही त्याची तक्रारही खरी. पण काकूला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती की लग्नाला तीस वर्षं झाली, स्वतःच्या नावावर दर महिन्याला पैसे जमा होतात हे पहिल्यांदा पाहिलं. गोळ्या आणायला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. यावर पुतण्याचं मत तसंच राहील, राहू दे. ‘विकलं’ हा शब्द तेवढा तो पुन्हा वापरणार नाही.

दुसरी युक्ती जुनी आहे आणि अवघड आहे. स्वतःचं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, तो ‘हो, अगदी हेच’ म्हणेपर्यंत. बहुतेकांना हे पहिल्या झटक्यात जमत नाही, कारण आपण त्याचं म्हणणं ऐकलेलंच नसतं. त्याच्या पक्षाच्या प्रवक्त्याचं ऐकलेलं असतं.

५. २०१९ मध्ये चुलतभावाशी भांडलो, अजून बोलणं नाही. आता तर दोघांचे पक्ष एकत्र आहेत! काय करू?

असे लोक महाराष्ट्रात भरपूर आहेत, तुम्ही एकटे नाही. हिशेबच मांडू. ऑक्टोबर २०१९ ला लोकांनी एका युतीला आणि एका आघाडीला मतं दिली. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी एक शपथविधी झाला, ते सरकार चार दिवसही टिकलं नाही, आणि २८ नोव्हेंबरला कालचे विरोधक एकत्र येऊन दुसरं सरकार आलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ निवडणूक आयोगाने फुटून निघालेल्या गटांना दिलं, आणि उरलेल्यांनी मशाल आणि तुतारी हाती घेतली. २०२४ च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी विधानसभेला काका-पुतण्या. पवारांच्या घरात जे झालं ते राज्यभर हजारो घरांत बिनाकॅमेऱ्याचं झालं.

म्हणजे २०१९ ला तुम्ही ज्या बाजूसाठी भावाशी बोलणं टाकलंत ती बाजूच जागेवर राहिली नाही. यावरून ‘सगळे नेते सारखेच’ असा निष्कर्ष काढायची गरज नाही. तो आळशी निष्कर्ष आहे. तुमचे मुद्दे खरे असतील, आजही असतील. फक्त मुद्दा तुमचा आहे आणि पक्षाचा पत्ता त्यांचा आहे, आणि पत्ता त्यांनी तुम्हाला न विचारता बदलला.

करायचं काय? राखीपौर्णिमा, भाऊबीज, घरातलं बारसं, कशाचंही निमित्त करून फोन करा आणि २०१९ चा विषय काढू नका. ‘तेव्हा मीच बरोबर होतो’ हे दोघांनाही वाटतंय, वाटत राहू दे.

६. वेगळ्या विचारांची माणसं एकत्र काम करू शकतात, हे फक्त बोलायला. कधी झालंय का?

झालंय, आणि त्याचा पुरावा म्हणून १ मे ला सुट्टी मिळते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होता आणि हिंदू महासभाही होती. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी. डांगे, एस. एम. जोशी, अत्रे एका व्यासपीठावर बसत होते ते एकमत झालं म्हणून नव्हे. मुंबईसह महाराष्ट्र ही एक मागणी सोडून बाकी सगळं बाहेर ठेवलं म्हणून. १९६० ला राज्य मिळालं आणि मग समितीतले मतभेद पुन्हा डोकं वर काढायला लागले. त्यात काही वाईट नाही, काम झालं होतं.

सोसायटीचं लिफ्टचं काम, गावचा पाणंद रस्ता, शाळेची भिंत याच हिशेबाने होतात. मागणी एक ठेवा, छोटी ठेवा.

७. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज राजकीय मेसेज येतात. ॲडमिन म्हणून मी काय करू? उद्या पोलीस मला धरतील का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू होता हे दाखवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. पण धर्मा-जातींत तेढ लावणारा मजकूर तुमच्या डोळ्यांसमोर आला तर काढून टाका. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, आणि ‘दिसलं नाही’ हे उत्तर सोसायटीच्या सभेत ऐकवत नाही.

आता पहिला भाग. कोथरूडमधल्या एका सोसायटीतून आलेली हकीकत सांगतो. मतमोजणीच्या सकाळी ग्रुपवर आकडे, हार-गुलालाचे फोटो, टोमणे यांचा पाऊस. त्यात सव्वानऊला सेक्रेटरींचा मेसेज आला होता: ‘टाकी धुणार आहेत, दहाला पाणी बंद.’ तो शे-दीडशे मेसेजखाली गाडला गेला. दहा वाजून पाच मिनिटांनी दोन्ही पक्षांचे मतदार अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभे. त्या संध्याकाळी ग्रुपचे दोन भाग झाले: ‘सूचना’, जिथे फक्त कमिटी लिहिते, आणि ‘गप्पा’, जिथे ज्याला राहायचं तो राहतो. हा उपाय कुठेही चालतो. गप्पांच्या ग्रुपमधून गाजावाजा न करता निघताही येतं. सूचना फक्त ॲडमिनला जाते, आणि ॲडमिनने त्याची चर्चा करायची नसते.

‘इथे राजकारण नको’ असा नियम करणार असाल तर तो नावडत्या पक्षापुरता नको. आपल्या पक्षाची पोस्ट ‘देशभक्ती’ किंवा ‘संविधानाची माहिती’ म्हणून चालवून घ्यायची आणि दुसऱ्याची ‘राजकारण’ म्हणून काढायची, हे सगळ्यांना दिसतं.

८. काका रोज खोट्या बातम्या फॉरवर्ड करतात. ग्रुपवरच खोडून काढू का?

ग्रुपवर खोडलंत तर काकांचा प्रश्न बातमीचा राहत नाही, इज्जतीचा होतो, आणि उद्या ते दुप्पट पाठवतात. वेगळा फोन करा. ‘काका, हे कुठून आलं? फोटो जुना वाटतोय’ इतकं पुरे. प्रत्येक मेसेजच्या मागे लागू नका. ज्याने कुणाचं नुकसान होऊ शकतं, म्हणजे लस, औषधं, मुलं पळवणारी टोळी, अमुक दुकानातून घेऊ नका, असे मेसेज तेवढे धरा. अफवेचे बळी या राज्यात पडले आहेत: जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या समाजातल्या माणसांना मारलं. काकांना हे माहीत असेल तर ते पुढच्या वेळी बोट थांबवतील.

९. शेजाऱ्याने गॅलरीत पक्षाचा झेंडा लावला. सोसायटी काढायला लावू शकते का?

त्याच्या स्वतःच्या गॅलरीत, इतरांना त्रास न होता लावला असेल तर सोडून द्या. गच्ची, जिना, गेट, कंपाउंडची भिंत या सामाईक जागा; तिथे कुठल्याच पक्षाचं काही कमिटीच्या परवानगीशिवाय नको, आणि परवानगी देणार असाल तर सगळ्यांना द्यावी लागेल, म्हणून न देणं बरं. आचारसंहिता लागू असताना कुणाच्याही जागेवर मालकाच्या परवानगीशिवाय झेंडा, फलक, पत्रक लावायला पक्षांना मनाई असते. रस्त्यावरच्या बेकायदा फलकांसाठी मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा (१९९५) आहे आणि महापालिकेकडे तक्रार करता येते.

खरी गोची होते ती गणपतीत. मंडळाला वर्गणी नगरसेवकाने दिली की कमानीवर त्याचा फोटो येतो, आणि बाप्पाच्या दर्शनाला जाताना विरोधी पक्षाच्या घराला त्या फोटोखालून वाकून जावं लागतं. यावर कायदा नाही. वर्गणी घेण्याआधी फलक कुठे आणि केवढा हे कार्यकारिणीत ठरवणं, एवढाच इलाज.

१०. ग्रामपंचायतीला सख्खा भाऊ समोरच्या पॅनलमध्ये उभा राहिला. आता एका बांधावर कसं राहायचं?

शहरातल्या वाचकांना हे पटणार नाही, पण लोकसभेपेक्षा ग्रामपंचायत घरं जास्त फोडते. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. वॉर्डात मतदार थोडे, दोन-चार मतांनी निकाल फिरतो आणि कुणाच्या घरातली कुठली मतं ‘गेली’ याचा हिशेब रात्री पारावर होतो. विधानसभेला हरलेला उमेदवार तुम्हाला ओळखत नाही. ग्रामपंचायतीला हरलेला माणूस सकाळी तुमच्याच डेअरीवर दूध घालायला येतो.

सातारा जिल्ह्यातून आलेला प्रश्न असा होता. दोघा भावांची शेती वाटलेली, विहीर सामाईक, मोटार एक. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्याप्रमाणे पाळ्या तोंडी ठरलेल्या, वडिलांच्या वेळेपासून. निकालानंतर धाकट्याने स्टार्टरच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावलं. थोरल्याने पाइपलाइन त्याच्या रानातून जाते म्हणून व्हॉल्व्ह बंद केला. महिनाभर कुणालाच पाणी नाही. हरभरा दोघांचाही वाळला. पॅनलप्रमुख दोघेही या काळात तालुक्याच्या ठिकाणी एकाच हॉटेलात चहा पिताना दिसले, हे थोरल्याने पत्रात मुद्दाम लिहिलं होतं.

उपाय निवडणुकीनंतर सुचत नाही, आधी करावा लागतो. अर्ज भरायच्या आधी पाण्याच्या पाळ्या, बांध, वहिवाटीची वाट, ट्रान्सफॉर्मरची वर्गणी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, मामा किंवा दोघांपैकी कुणाचीच बाजू न घेणारा गावातला एखादा जाणता साक्षीला घ्यावा. विकास सोसायटीच्या कर्जात एकमेकांना जामीन असाल तर तेही त्यात लिहा. बाकी प्रचारात काय बोलायचं ते बोला. घरातल्या बायकांबद्दल आणि आजारपणाबद्दल बोलायचं नाही, हे मात्र पॅनलमधल्या पोरांना दोघांनी आपापल्या बाजूने बजावून ठेवावं; जखम बहुधा तीच पोरं करतात.

निकालानंतर मयत झाली तर जा. बोलणं नसलं तरी जा. तिथे पॅनल कुणी बघत नाही.

११. मग निवडणूक बिनविरोध केली तर भांडणच नको, नाही का?

खरोखर सगळ्यांशी बोलून झाली तर उत्तम. पण ‘बिनविरोध’च्या नावाखाली कधी बोली लागते. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथल्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. आणि कधी बिनविरोधचा अर्थ एवढाच असतो की दलित वस्तीतल्या किंवा छोट्या भावकीतल्या माणसाला ‘गावाची एकी मोडू नको’ म्हणून बसवलं. तंटा दिसत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. उभं राहू द्या, आणि प्रश्न १० मधला कागद करा.

१२. मी सरकारी शाळेत शिक्षिका, नवरा पक्षाचं काम करतो. माझ्या नोकरीला धोका आहे का?

नवऱ्याने काम करायला हरकत नाही. तुम्ही प्रचार करायचा नाही, सभेच्या व्यासपीठावर बसायचं नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत एक बारीक गोष्ट आहे: नोकराने स्वतःच्या अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे प्रभाव वापरणं समजलं जातं. म्हणून नवऱ्याचा झेंडा त्याच्या कार्यालयावर राहू दे, तुमच्या नावाच्या पाटीशेजारी नको. स्कूटर तुमच्या नावावर असेल तर तिच्यावरचं स्टिकरही. निवडणुकीची ड्यूटी लागली आणि नवरा किंवा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल तर ते वरिष्ठांना लेखी कळवून टाका.

१३. ऑफिसात साहेब आपल्या पक्षाचे मेसेज पाठवतात आणि ‘वाचलं का?’ विचारतात.

‘हो सर’ म्हणा आणि कामाला लागा. त्यावर मत द्यायला तुम्ही बांधील नाही. मतदानाच्या दिवशी सुट्टी आणि पगार हा लोकसभा-विधानसभेला हक्क आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ब), त्यासाठी कुणाचे उपकार नकोत. मत अमुक पक्षाला दे नाहीतर नोकरी जाईल, असं म्हटलं तर तो प्रश्न १७ चा मामला.

हेच उलट्या दिशेनेही लागू आहे, आणि ते कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहितो. घरकामाला येणाऱ्या ताईंना, वॉचमनला, ड्रायव्हरला ‘यंदा कुणाला?’ असं विचारू नये. आपल्याला ती गंमत वाटते. त्यांना पगार देणाऱ्याने विचारलेला प्रश्न वाटतो.

१४. स्थळ चांगलं आहे, पण ते कट्टर त्या पक्षाचे. पुढे जावं का?

पक्ष विचारू नका. मुलीने नोकरी करावी का, पगार कुणाच्या खात्यात, दुसऱ्या जातीतल्या मैत्रिणी घरी आल्या तर चहा कुठल्या कपात, हे विचारा. एकाच पक्षाच्या दोन घरांत याची उत्तरं वेगवेगळी मिळतात.

१५. भाऊ न्यू जर्सीला आहे आणि तिथून आम्हाला कुणाला मत द्यायचं ते सांगतो. फार राग येतो.

त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तो फॉर्म ६अ भरून इथल्या यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं. अमेरिकन नागरिक होऊन ओसीआय कार्ड घेतलं असेल तर इथे मत नाहीच. हे त्याला एकदा प्रेमाने सांगा. बाकी, लांब राहणाऱ्याला गावची काळजी जास्त वाटते आणि रस्त्यावरचा खड्डा कमी दिसतो. आईच्या डॉक्टरची वेळ, घरपट्टी, सोसायटीची सभा अशी दोन कामं त्याच्यावर सोपवा. बोलायला दुसरे विषय मिळतील.

१६. शेजारी म्हणतो ‘अमुक धर्माच्या, अमुक जातीच्या लोकांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही.’ हेही मतभेद म्हणून सहन करायचं का?

नाही. आतापर्यंतचे सगळे प्रश्न दोन माणसांच्या वेगळ्या मतांचे होते; इथे एक माणूस दुसऱ्याला राहायलाच नको म्हणतोय. समृद्धी महामार्ग हवा होता की नको, यावर दोघांनी हसत वाद घालावा. तुझ्या आडनावामुळे तू या जिन्यावर नको, यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार स्वतःचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने द्यायला कमिटीची परवानगी घ्यावी लागत नाही. सोसायटीला कळवावं लागतं आणि पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यावी लागते. म्हणून ‘कमिटी नाही म्हणते’ हे उत्तर एजंट देतो तेव्हा लेखी मागा. लेखी कुणी देत नाही. दिलंच तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. एक अडचण खरी आहे: सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारे उपविधी गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले. पण तसा उपविधी मुळातच नोंदलेला असणं वेगळं आणि चार जणांनी गच्चीवर ठरवणं वेगळं.

आणि तुम्ही स्वतः त्या समाजातले नसाल तर जास्त गरज तुमच्या बोलण्याची आहे. ज्याला घर नाकारलं तो सभेत नसतोच. ‘मला हे मान्य नाही, मिनिट्समध्ये लिहा’ हे वाक्य पाठ करून जा. पुढे त्या शेजाऱ्याशी लिफ्टमध्ये नमस्कार ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ठेवतो, पण त्याच्या घरी चहाला जात नाही.

१७. मताबद्दल धमकी आली, वाळीत टाकू म्हणाले. कुठे जायचं?

मतदाराला इजेची किंवा वाळीत टाकण्याची भीती घालणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३). जातपंचायतीने बहिष्कार टाकला तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, २०१६ चा, २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तो जात-समाजाच्या बहिष्कारासाठी आहे. पॅनलने किराणा बंद केला तर त्यात बसेलच असं नाही, तिथे धमकीची साधी फिर्याद द्यावी. मेसेज, रेकॉर्डिंग, साक्षीदार जपून ठेवा.

आचारसंहितेतलं एक कलम फारसं कुणाला माहीत नसतं. एखाद्याची राजकीय मतं कितीही खटकली तरी त्याच्या शांत घरगुती जीवनाचा हक्क पक्षांनी मानला पाहिजे, आणि त्याच्या मतांचा निषेध म्हणून त्याच्या घरासमोर निदर्शनं कुठल्याही परिस्थितीत करायची नाहीत. छापून काढा आणि गल्लीतल्या दोन्ही कार्यालयांत नेऊन द्या.

१८. जुना मित्र दुरावला. मत तर बदलणार नाही. मैत्री परत जुळेल का?

नेहमी जुळत नाही. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. आधी समाज सुधारावा की आधी स्वराज्य, यावर इतकं बिनसलं की १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. दोघांनी एकमेकांवर लिहिलं ते आज वाचतानाही झोंबतं. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मैत्री पूर्वीसारखी झाली होती असं म्हणता येणार नाही. तुम्हाला मृत्युलेखापर्यंत थांबायची गरज नाही; मित्र जिवंत आहे, फोन नंबर तोच आहे.

१९. आमचा पक्ष जिंकला. शेजारी हरलेल्या पक्षाचे. पेढे द्यावेत का?

निकालाच्या संध्याकाळी नको, तेव्हा ते टोमणे वाटतात. दोन-तीन दिवसांनी, एरवी काही केलं की वाटी पाठवता तसे पाठवा. गुलाल त्यांच्या दारात, गाडीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणार नाही हे पोरांना आधीच सांगा; पडलाच तर रात्रीच पाणी मारून घ्या. फटाके त्यांच्या गेटसमोर नाहीत. आणि हरलेल्यांना पेढे आले तर घ्यावेत, निकालावर बोलू नये, वाटी रिकामी परत पाठवू नये.